भिडूचा हात मारायचा नाही

“भिडूचा हात मारायचा नाही. हे सगळ्यात आधी लिही,” अण्णा म्हणाले.

मी अजून काहीच लिहायला घेतलं नव्हतं. कुठल्या भाषेत लिहायचं तेच ठरत नव्हतं. समोर टेबलावर दिगूकाकांचा काँप्युटर होता. त्याच्यावर घातलेलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं तेव्हा आतून अष्टगंधाचा वास आला. टेबलाच्या तीन बाजूंना तीन माणसं आपापल्या जागी बसली होती आणि चौथ्या जागी हा. मी काय करते याकडे चौघंही बघताहेत असं मला वाटत होतं.

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाला चौघं लागतात. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. पत्त्यांत चार दश्श्या असतात, त्यातल्या जास्त ज्या जोडीला मिळतील ती जिंकली, आणि चारही मिळाल्या तर कोट. भिडूचा पत्ता जिंकत असताना आपणच त्यावर हुकूम मारणं म्हणजे घरातल्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं. दिगूकाका ते हटकून करायचे. त्यावरून त्यांची आणि अण्णांची इतकी वर्षं भांडणं झाली, की गल्लीतल्या लोकांना त्या आवाजावरून दुपारचे तीन वाजल्याचं कळायचं.

अण्णा, माझे वडील, फलटणच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर माइकवरून गाड्यांची नावं पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते मीठ मागायचे तेव्हाही बारामतीची गाडी लागल्यासारखं वाटायचं. दिगूकाका, म्हणजे दिगंबर गुरव, पत्रिका करून द्यायचे. तालुक्यात काँप्युटरवर पत्रिका पहिल्यांदा त्यांनीच छापली. तोच हा काँप्युटर, फोर-एटी-सिक्स, आत डॉस, पडदा एकरंगी नारिंगी. जग पुढं गेलं, विंडोजच्याही कितीतरी आवृत्त्या आल्या आणि गेल्या, पण काका म्हणायचे की ग्रह काही बदललेले नाहीत, मग काँप्युटर कशाला बदलायचा. श्रावणात त्यांचा मुलगा त्यांना नातवाजवळ बंगळुरूला घेऊन गेला. जाताना काकांनी काँप्युटर आमच्या ओसरीवर आणून ठेवला आणि डाव तिथंच मोडला.

तिघांत पाच-तीन-दोन खेळता येतं. अण्णा म्हणायचे, तो पोरांचा खेळ. चौथा म्हणून पोस्टातले एकजण येऊन गेले, औषधाच्या दुकानाचे मालक येऊन गेले. अण्णांनी दोघांनाही पहिल्याच दिवशी असं झापलं, की औषधवाल्यांनी पुढं आम्हाला क्रोसिनसुद्धा तुटकपणे दिली. मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवर नुसते बसलेले असायचे. डेपोतून गाडीचा हॉर्न आला की मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. त्या भल्याथोरल्या आवाजाच्या माणसाला गप्प बसलेलं बघून मला रडू यायचं.

त्यात उरलेले दोघंही निघायच्या बेतात होते. युसूफभाई बागवानांचा फळांचा गाळा आता मुलगा बघत होता, त्यांची दुपार मोकळी असायची. ढोले मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे ते टेबलाखाली पाय लांब सोडून बसत. दोघांना बँक कॉलनीतल्या एका अड्ड्यावर बोलावणं आलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अण्णांना सोडवत नाही, पण पत्त्यांशिवाय दुपार जात नाही. दिवाळीपर्यंत वाट बघतो. तोवर चौथा मिळाला नाही तर आम्ही तिकडं. म्हणजे अण्णांची ओसरी कायमची रिकामी होणार होती, आणि हे त्यांना सांगायची हिंमत तिघांपैकी कुणालाच नव्हती.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत मोबाइलवरचे खेळ बनवत होते. जेवताना सहज बोलून गेले, की मेंढीकोटातला चौथा गडी काँप्युटरही होऊ शकतो. अण्णांनी घास खाली ठेवला. म्हणाले, मग दिगूचाच काँप्युटर बसव. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर दोन दिवसांत होईल, हे जुनं धूड कशाला.

“तुझा लॅपटॉप तुझ्याबरोबर पुण्याला जाणार,” अण्णा म्हणाले. “मग चौथा पुन्हा गेलाच की. हा कुठं जाणार नाही. ह्याला मुलगा नाही, नातू नाही.”

आई भात वाढत होती. तिनं फक्त विचारलं, की त्यालाही चहा लागेल का.

मग माझी परीक्षा सुरू झाली. ऑफिसात मी ज्या भाषांच्या जोरावर मिरवायचे त्यातली एकही डॉसवर उभी राहीना. त्या भाषांना नुसतं उठून बसायला जेवढी जागा लागते तेवढी त्या काँप्युटरच्या अख्ख्या पोटात नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉपवर सी भाषेत लिहायचं, डॉससाठीचा वेगळा कंपायलर वापरून त्याचा प्रोग्रॅम तयार करायचा आणि तो उचलून इकडं आणायचा. पण आणायचा कशातून? दिगूकाकांच्या काँप्युटरला फक्त फ्लॉपी समजायची आणि माझ्या लॅपटॉपनं जन्मात फ्लॉपी पाहिली नव्हती.

ढोले मास्तर म्हणाले, भाषा कुठलीही घे, पण पत्ते देखणे काढ, राणीच्या नाकात नथ पाहिजे. युसूफभाईंनी वेगळा सल्ला दिला. ते म्हणाले, “पोरी, आंबा चांगला का सीताफळ चांगलं असं नसतंय. आज बाजारात काय आलंय ते बघायचं.” मला तो सल्ला फळांपुरता वाटला आणि मी मास्तरांच्या नथीच्या मागं लागले.

चित्रं काढायची तर टर्बो सी. आमच्या कॉलेजात तेच शिकवलं होतं, त्या निळ्या पडद्याची मला अजून सवय होती. रिंग रोडवरच्या एका काँप्युटर क्लासमध्ये एक जुना काँप्युटर धूळ खात पडला होता, त्यात टर्बो सी सापडलं. क्लासच्या सरांनी कपाटातून फ्लॉप्याही काढून दिल्या. पहिली वाचलीच गेली नाही. दुसरी अर्धी वाचली गेली आणि मग तिनं असा खरखर आवाज केला, की युसूफभाईंनी तिला पाणी पाजायला सुचवलं. तिसरीतून एकदाचं टर्बो सी आत गेलं. मी दोन दिवस बसून नथवाली राणी काढली, प्रोग्रॅम चालू केला आणि पडद्यावर एक ओळ उमटली की चित्र काढता येत नाही. चित्रांसाठी जी फाइल आणली होती ती रंगीत पडद्याची होती. काकांचा पडदा एकरंगी, त्याला वेगळी फाइल लागते, आणि ती क्लासमध्ये नव्हती.

अण्णा उठून आत गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. दिवाळी तोंडावर आली होती. मला कंपनीनं मागच्याच महिन्यात उत्तम कामाबद्दल एक काचेचा ठोकळा दिला होता. तो त्या दिवशी हाताशी असता तर मी विहिरीत टाकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीच न करता त्या काँप्युटरसमोर बसले आणि त्याच्यात आधीपासून काय आहे ते बघत गेले. एका बाजूला काकांच्या पत्रिका, सगळ्या तालुक्याचे मंगळ आणि शनी. दुसऱ्या बाजूला डॉसबरोबर आलेल्या फायली. त्यात क्यूबेसिक होतं. मी आठवीत असताना शाळेत शिकलेली भाषा, जिला आम्ही इंजिनिअर झाल्यावर नाकं मुरडायचो. ती त्या काँप्युटरच्या घरचीच होती. आणायला नको, न्यायला नको, फ्लॉपी नको. पण चित्रांचं काय? सहज चाळा म्हणून मी तिला सांगितलं, तुला जेवढी म्हणून अक्षरं येतात तेवढी पडद्यावर छाप.

ए, बी, सी याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, बदाम आला. त्याच्यामागून चौकट, मग किलवर, मग इस्पिक. नारिंगी रंगात, ओळीनं. ही चारही चिन्हं त्याच्या अक्षरांतच होती. पत्रिका छापता छापता त्यानं इतकी वर्षं पत्ते पोटात बाळगले होते आणि कुणी त्याला खेळायला म्हणून बोलावलं नव्हतं.

मी ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. अण्णा लुंगी सावरत आले. पडद्यावर वाकले आणि म्हणाले, “दिग्याला हे माहीत नसणार. नाहीतर पत्रिका कोण छापत बसलं असतं.”

क्यूबेसिकमध्ये प्रोग्रॅम भराभर झाला. नथ राहिली, त्याबद्दल मास्तरांची मी माफी मागितली. पहिला नियम लिहिला तो अण्णांचा: भिडूचा पत्ता जिंकत असेल तर हुकूम मारायचा नाही.

आता एकच अडचण होती. अण्णांना खरे पत्ते हवे होते, हातात धरायचे, चुरगाळलेले. मग काँप्युटरच्या वाट्याला आलेली तेरा पानं त्याला कळणार कशी? कुणीतरी ती उचलून कळफलकावर सांगायला हवीत, बाकीचे काय टाकतात तेही सांगायला हवं, आणि तो जे पान म्हणेल ते खाली टाकायला हवं. तो माणूस पानं बघणार. मी बसायला तयार होते, पण अण्णांनी मला साफ नाकारलं. म्हणाले, तुला खेळ कळतो, पान बघून तुझ्या तोंडावर दिसणार. ढोले मास्तरांनी मान हलवली. तिघांनी डोकी एकत्र करून विचार केला आणि असं ठरवलं, की त्या जागी पत्त्यांतलं ओ का ठो कळत नाही असंच माणूस पाहिजे.

तिघांनीही एकदमच स्वयंपाकघराकडे बघितलं.

“इंदूवहिनी,” युसूफभाईंनी हाक मारली, “जरा बसता का? काही करायचं नाही. तो सांगंल ते पान टाकायचं.”

आई हात पुसत आली. तिला चार चिन्हांच्या कळा लक्षात राहाव्यात म्हणून मी कागद चिकटवणार होते. ती आत जाऊन टिकल्यांचं पाकीट घेऊन आली आणि बदाम-चौकटला लाल, किलवर-इस्पिकला काळ्या टिकल्या लावून मोकळी झाली. मग काकांच्या खुर्चीत बसली, पदर खोचला आणि पडद्याच्या आडोशाला पानं धरली. तिनं पानं हातात कशी पंख्यासारखी पसरली हे खरं तर मी तेव्हाच बघायला हवं होतं.

पहिल्या दिवशी काँप्युटर सपाटून हरला. अण्णांच्या राजावर तो दुर्री टाकायचा तेव्हा ठीक होतं, पण हातातली दश्शी कधी सोडायची नाही हे त्याला कळत नव्हतं. अण्णा म्हणाले, दिग्या चोर होता पण खेळाडू होता, हा नुसताच सज्जन आहे. संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये दोन-तीन ओळी बदलल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून काय सांगू, तो जिंकायला लागला. साधंसुधं नाही. मास्तरांच्या पोटातलं काढून घ्यायचा. युसूफभाईंची दश्शी हातातून बाहेर पडायची वाट बघत बसायचा आणि नेमकी धरायचा. अण्णांचा आवाज परत आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, बरं झालं, आता घड्याळाला किल्ली द्यायला नको.

मी दोन ओळींच्या त्या दुरुस्तीवर भलतीच खूश होते. क्यूबेसिकसारख्या भाषेत मी असं काही करून दाखवलं, की पुण्याला गेल्यावर त्यावर भाषण द्यावं असा माझा विचार चालला होता. बंगळुरूहून दिगूकाकांचा फोन आला तेव्हा अण्णांनी त्यांना मुद्दाम खिजवलं, की तुझ्या खुर्चीवर तुझाच डबा बसलाय आणि तुझ्यापेक्षा बरा खेळतो. काका म्हणाले, माझ्या डब्याला मी ओळखतो, असं होणं शक्य नाही.

वसुबारसेच्या दुपारचा डाव मला पानन् पान आठवतो. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. उकाडा मरणाचा होता. हुकूम इस्पिकचा होता. तीन दश्श्या अण्णांच्या बाजूला येऊन पडल्या होत्या, किलवरची तेवढी बाहेर होती. ती आली की कोट. दिगूकाका गेल्यापासून त्या ओसरीवर कोट झाला नव्हता. अण्णांनी चौकटचा राजा उतरला. एक्का आधीच गेला होता, म्हणजे हात अण्णांचाच. युसूफभाईंनी मुकाट्यानं चौकटचं पान दिलं.

आईनं पडद्याकडे पाहिलं आणि इस्पिकची तिर्री टाकली. भिडूच्या जिंकत्या राजावर हुकूम मारला.

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते एवढ्या मोठ्यानं माझ्यावर “वैजे” म्हणून ओरडले, की दारातली गाय दचकली. पण मी त्यांच्याआधीच उठून उभी राहिले होते. कारण जगात दुसरं काहीही होऊ शकलं असतं, पण हे होऊ शकत नव्हतं. तो नियम मी सगळ्यात आधी लिहिला होता. क्यूबेसिक गरीब असेल, पण सांगितलेलं मोडणारं नव्हतं.

तोवर मास्तरांनी चौकटचं पान टाकलं होतं. आईनं हात गोळा केला आणि थांबली नाही. तिनं किलवरचा एक्का उतरला. ढोले मास्तरांनी हातातल्या पानांकडे बघितलं, आढ्याकडे बघितलं, आणि एकटीच उरलेली किलवरची दश्शी काढून टेबलावर ठेवली. अण्णांनी आणि युसूफभाईंनी किलवरची हलकी पानं टाकली. कोट झाला.

युसूफभाईंनी खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसली, वारा का लागत नाही म्हणून वर बघितलं आणि तसेच बघत राहिले. पंखा थांबला होता. मी टेबलाला वळसा घालून आईच्या मागं गेले. पडदा काळा होता. वीज कधी गेली होती देव जाणे. लोडशेडिंगची वेळ सोडून गेली होती, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारच्या उजेडात सगळे पानांत डोकं घालून बसले होते आणि काँप्युटर बंद पडून खेळत होता.

“लाइट कधी गेली?” मास्तरांनी विचारलं.

“दोन डाव झाले,” आई म्हणाली.

अण्णा तिच्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

“आणि तू कधीपासून?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, माइक नसलेला.

“दुसऱ्या दिवसापासून. तो तुमची दश्शी घालवत होता, मला बघवेना. पोरीनं एवढं खपून केलंय म्हणून त्याच्या कळा दाबत राहिले.” आईनं माझ्याकडे बघितलं. “तसा वाईट नाही गं तो. पण त्याला ह्यांचा स्वभाव माहीत नाही.”

“पण माझा राजा कशाला मारलास?”

“हात तुमच्याकडं गेला असता तर तुम्ही परत चौकटच उतरला असता. युसूफभाईंची चौकट संपली होती, मास्तरांचीही संपत आली होती. युसूफभाईंनी माझ्या तिर्रीपेक्षा मोठा हुकूम मारला असता आणि मास्तरांनी त्यावर दश्शी सोडली असती.”

“दश्शी माझ्याकडं हे तुम्हाला कसं कळलं?” मास्तर म्हणाले.

“दश्शी एकटी उरली की तुमचा पायाचा अंगठा हलतो. टेबलावरून दिसत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचा, आता ह्या खुर्चीच्या पायावर आपटतो.”

मास्तरांनी पाय आत ओढून घेतले. इतकी वर्षं ती त्या दारात चहाचा ट्रे घेऊन डाव संपायची वाट बघत उभी राहिलेली मला आठवली. चहा निवायचा आणि ती उभीच असायची. आम्हाला वाटायचं, बिचारी कंटाळत असेल.

युसूफभाई हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही आधी का नाही बोलला?”

“कुणी विचारलं?” आई म्हणाली. त्यात राग नव्हता. ती पानं गोळा करत होती.

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलतील आणि सगळं बिघडेल. औषधवाल्यांना झापलं होतं तो चेहरा मी ओळखत होते. पण त्यांनी पानं तिच्या हातातून घेतली, पिसली आणि तिच्यासमोर काटायला धरली. तिनं काटली. त्यांनी वाटायला सुरुवात केली. तिच्या पुढ्यात पान टाकताना मात्र ते नुसतं टाकत नव्हते, ठेवत होते. इतक्यात वीज आली, पंखा फिरला आणि काँप्युटर पुन्हा चालू होऊन नारिंगी ठिपका लुकलुकवत बसला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मी हळूच त्याची कळ बंद केली. ज्या भाषणाचा विचार चालला होता, तेही तिथंच संपलं.

पानं लागली, उतारी कुणाची ते ठरलं, आणि अण्णांच्या लक्षात आलं की तीन वाजून गेले, चहा आलेला नाही. त्यांनी सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दार रिकामं होतं. मग त्यांनी समोर बघितलं. आई पानं लावण्यात गढली होती.

ते उठले. जन्मात प्रथमच चहा टाकायला निघाले होते. दोन पावलं जाऊन परत आले आणि आपली पानं नीट पालथी घालून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

“माझी पानं बघायची नाहीत कुणी,” ते आईला म्हणाले.

“बघायला कशाला हवीत?” आई म्हणाली.